आठ बिटांतला बो जॅक्सन

१३ जानेवारी १९९१. लॉस एंजेलिसमध्ये रेडर्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना रंगला होता. रेडर्सचा बो जॅक्सन चेंडू घेऊन कडेने सुसाट निघाला, मागून पकडला गेला आणि पडताना त्याचा खुबा निखळला. वय अवघं अठ्ठावीस. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, सांधा निकामी होत गेला आणि फुटबॉलच्या मैदानावर तो पुन्हा कधीच उतरला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात निन्टेंडोच्या आठ बिटी यंत्रासाठी ‘टेक्मो सुपर बोल’ नावाची कॅसेट अमेरिकेतल्या दुकानांत आली. तिच्यात बो धडधाकट होता आणि त्याला गाठणं भल्याभल्यांना जमत नव्हतं.

या कॅसेटमधल्या बोच्या वेगाचे किस्से अमेरिकेत अजून सांगतात. चेंडू हाती आला की त्याला मैदानभर मागेपुढे पळवत राहायचं आणि एकाच धावेत सामन्याचं अख्खं क्वार्टर (पाव भाग) संपवायचं, हा तर पोरांचा आवडता उद्योग. पण या खेळाचा खरा इतिहास वेगापेक्षा नावांचा आहे. कोणाचं नाव छापायची मुभा मिळाली, कोणाचं गळलं आणि पुढे कोणी ते परत लिहिलं, त्यावर या कॅसेटचं आयुष्य ठरलं.

टेक्मो ही जपानी कंपनी. १९८७ साली तिने ‘टेक्मो बोल’ हा नाणं टाकून खेळायचा गेम काढला आणि १९८९ मध्ये तो घरच्या निन्टेंडोवर आणला. अमेरिकन फुटबॉलचे हक्क दोन दारांत विभागलेले असतात. संघांची नावं आणि बोधचिन्हं एनएफएल या लीगच्या ताब्यात, तर खेळाडूंची नावं त्यांच्या संघटनेमार्फत मिळतात. त्या पहिल्या घरगुती कॅसेटला फक्त दुसरं दार उघडलं. त्यामुळे खेळाडू खरे, पण संघ नुसत्या शहरांच्या नावाने ओळखायचे. संघ बारा, मैदानावर एका बाजूला नऊच जण आणि प्रत्येक संघाकडे चार चाली.

१९९१ च्या कॅसेटसाठी टेक्मोने दोन्ही परवाने मिळवले. आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संघ आले, एका बाजूला अकरा खेळाडू झाले, चाली आठ झाल्या. खऱ्या वेळापत्रकाप्रमाणे सोळा सामन्यांचा हंगाम खेळता येऊ लागला. कोण किती यार्ड धावला, कोणी किती पास अडवले, याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवी. खेळाडू जायबंदी होत, त्यांचा फॉर्म चढे-उतरे. सगळी नोंद कॅसेटच्या पोटातल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकून राही. ती संपली की जपलेला हंगाम पुसला जाई, म्हणून आज जुनी कॅसेट बाळगणारे ती उघडून, सोल्डरिंग करून नवी बॅटरी बसवतात.

यंत्राची कुवत बघितली की या कामाची उंची कळते. कामाची मेमरी दोन किलोबाइट. पडद्याच्या एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नाहीत, त्यापुढची लुकलुकायला लागतात. बावीस खेळाडू एकमेकांवर तुटून पडणाऱ्या खेळाला हे यंत्र सोयीचं नव्हतंच. टेक्मोने मैदान आडवं मांडलं. चेंडू डावी-उजवीकडे सरकतो आणि समोरासमोरच्या दोन्ही फळ्या पडद्यावर वरून खाली उभ्या राहतात, त्यामुळे एकाच रेषेत होणारी गर्दी कमी होते.

खेळाची गंमत मात्र चेंडू हलण्याआधीच सुरू होते. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, हा मूळ नियम. दर संधीआधी पडद्यावर आठ चौकटी येतात: चार धावण्याच्या चाली, चार फेकण्याच्या. आक्रमण करणारा एक निवडतो, त्याच क्षणी बचाव करणाराही एक निवडतो. दिशेचं एक बटण, सोबत ए किंवा बी, बस. दोघे एकाच सोफ्यावर बसलेले असतात, म्हणून अंगठा दिसू नये यासाठी रिमोट शर्टाखाली दडवायचा. दोघांची चौकट जुळली, तर आक्रमणाची फळी चेंडू निघताक्षणी कोसळते. न जुळल्यास मोकळं मैदान. मग कोणी अंगाला भिडलंच, तर ए बटण धडाधड दाबून सुटायचं. आठातलं एक ओळखायचं असल्यामुळे समोरच्याच्या सवयी पाठ असणं हे बोटांच्या चपळाईपेक्षा मोलाचं ठरतं. दुबळा संघ घेऊनही माणूस जिंकतो, तो इथे.

 

दोन्ही परवाने असूनही तीन नावं निसटलीच. बफेलो बिल्सचा जिम केली, फिलाडेल्फिया ईगल्सचा रँडल कनिंगहॅम आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचा बर्नी कोसार हे तिघे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे, चेंडू फेकणारे म्होरके, खेळाडूंच्या सामायिक करारात नव्हते. कॅसेटमध्ये त्यांच्या जागी ‘क्यूबी बिल्स’, ‘क्यूबी ईगल्स’, ‘क्यूबी ब्राउन्स’ असे बिननावाचे खेळाडू आले. केलीने त्या काळात बिल्सला सलग चार सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं. इतक्या मोठ्या खेळाडूची ओळख एका पिढीच्या टीव्हीवर नुसत्या हुद्द्याने व्हावी, हे आजही खटकतं. उलट क्वार्टरबॅक जो मोंटाना १९९१ चा पूर्ण हंगाम कोपराच्या दुखापतीने बाहेर बसला, पण कॅसेटमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोसाठी सामन्यामागून सामने खेळत होता.

पुढे दारं बंद होत गेली. डिसेंबर २००४ मध्ये ईए या अमेरिकन कंपनीने लीग आणि खेळाडूंची संघटना या दोघांशीही एकाधिकाराचे करार केले. २०१० साली टेक्मोने ‘टेक्मो बोल थ्रोबॅक’ काढला, तेव्हा त्यात खरा खेळाडू एकही नव्हता. नावं बदलायची सोय मात्र खेळणाऱ्याला दिली होती. २०१६ च्या छोटेखानी निन्टेंडो क्लासिक यंत्रातही मूळ ‘टेक्मो बोल’ आला तो नावं गाळून, खेळाडूंच्या पाठीवर फक्त आकडे ठेवून.

कंपनीला जे करता येईना, ते चाहत्यांनी हातात घेतलं. १९९१ च्या त्या प्रोग्रॅममध्ये ते दरवर्षी नवे खेळाडू, नवे गणवेश, नवं वेळापत्रक भरतात. लीगमध्ये बत्तीस संघ झाल्यावर त्यांनी जुना प्रोग्रॅम फोडून चार संघांची जागाही काढली. बिनपैशाचं, डोळे फोडणारं हे काम आहे आणि त्याला दाद द्यायलाच हवी.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात दरवर्षी भरणाऱ्या स्पर्धेत मात्र शेकडो लोक १९९१ चेच संघ घेऊन खेळतात. बो सगळ्यांनाच हवा, म्हणून तिथे एक खेळाडू दोन संघ सुचवतो आणि त्यांतला कोणता घ्यायचा ते दुसरा ठरवतो. सुचवणाऱ्याला जोडी तुल्यबळ निवडावी लागते, कारण दुबळा संघ त्याच्याच वाट्याला येऊ शकतो. अशा जोड्यांमधून एरवी कोणी हातही लावला नसता, असे संघ मैदानात उतरतात.