‘घरगुती’ न्याहारीची कुळकथा

रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या घरात बिडाचा जड तवा शेगडीवर चढतो. बेकनच्या, म्हणजे खारवून धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्या तवा थंड असतानाच त्यावर मांडल्या जातात आणि खाली मंद आच दिली जाते, म्हणजे चरबी सावकाश सुटते. त्याच चरबीत आदल्या रात्री उकडून ठेवलेल्या बटाट्याच्या फोडी कांद्याबरोबर खरपूस परतल्या जातात, नंतर अंडी फोडली जातात आणि शेवटी पॅनकेक. त्याचे पीठ फार घोटायचे नसते. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. वर आलेले बुडबुडे फुटून भोके तशीच राहिली की उलथायचे. आपल्या घावनाप्रमाणे यातलाही पहिला बहुधा बिघडतो.

‘डायनर’मध्ये मिळते तशी ही भरपेट न्याहारी घरी रांधण्याचा बेत नेहमी ‘जुन्या काळची’, ‘आजीच्या हातची’, ‘घरगुती’ अशा विशेषणांनी वर्णिला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला विशेषणांचा संशय घेण्याची सवय असते. या ताटाकडे एक संहिता म्हणून पाहिले, तर पहिला प्रश्न असा उभा राहतो की, यातले घर नेमके कोणाचे?

डायनर जन्मला तो घराबाहेर आणि रात्री. 1872 साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट (कादंबरीकार नव्हे, त्याचा नामबंधू) घोड्याच्या गाडीतून सँडविच, उकडलेली अंडी आणि कॉफी विकू लागला. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतले आणि रात्रपाळीचे कामगार. त्या वेळी शहरातली उपाहारगृहे बंद झालेली असत. 1887 साली सॅम्युएल जोन्सने वूस्टर येथे गिऱ्हाइकाला आत उभे राहून खाता येईल अशी गाडी आणली. पुढे या गाड्यांची चाके थांबली, त्यांना आगगाडीच्या भोजनडब्यासारखे रूप आले आणि ‘डायनर’ हे नावही तिथूनच मिळाले. वूस्टरमध्ये आणि न्यू जर्सीत हे डायनर कारखान्यात तयार होत आणि वाहून नेऊन जागेवर बसवले जात. म्हणजे ज्याला आज घरगुती खाण्याचे ठिकाण मानले जाते, ती वास्तूच मुळात कारखान्याचा माल होती. 1920च्या दशकात स्त्रियांनी यावे म्हणून ‘स्त्रियांचे स्वागत आहे’ अशा पाट्या लागल्या, फुलांच्या कुंड्या आल्या. घरपण नंतर, जाणीवपूर्वक आणले गेले.

ताटाचीही कथा फारशी वेगळी नाही. शेतकऱ्याची जड न्याहारी अमेरिकेत पूर्वीपासून होती, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन हार्वे केलॉग यांच्यासारख्या आरोग्यसुधारकांनी हलक्या, धान्याच्या न्याहारीचा पुरस्कार केला आणि शहरी टेबलावरून बेकन मागे सरू लागले. 1920च्या दशकात बीच-नट या कंपनीसाठी बेकनचा खप वाढवण्याचे काम एडवर्ड बर्नेझ यांनी घेतले. सिग्मंड फ्रॉइडचे हे भाचे म्हणजे जनसंपर्क या व्यवसायाचे एक आद्य पुरुष. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, एका डॉक्टरकरवी हजारो डॉक्टरांना पत्रे गेली: न्याहारी हलकी बरी की भरपेट? सुमारे साडेचार हजारांनी भरपेट न्याहारीच्या बाजूने कौल दिला आणि वृत्तपत्रांनी तो छापला. बेकन आणि अंड्यांच्या जोडीला परंपरेचे जे वजन आले, त्यात या पत्रव्यवहाराचा वाटा आहे.

तथापि या ताटातला सर्वांत बोलका पदार्थ पॅनकेकच. 1889 साली मिझुरी राज्यात तयार पिठाचा पुडा बाजारात आला आणि त्याला ‘आंट जमायमा’ हे नाव मिळाले. ते घेतले होते एका विनोदी गाण्यातून. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत, त्या खेळांच्या परंपरेतून. 1893च्या शिकागो विश्वप्रदर्शनात या नावाची भूमिका नॅन्सी ग्रीन यांनी केली. त्या केंटकीत गुलामगिरीत जन्मल्या होत्या. जाहिरातींनी त्यांच्याभोवती दक्षिणेतल्या मळ्याची कहाणी रचली: मालकाच्या पाहुण्यांना हसतमुखाने खाऊ घालणारी स्वयंपाकीण. ज्या घरांना अशी स्वयंपाकीण कधीच परवडली नसती, त्यांना ती आता पुड्यातून मिळू लागली. पिठाबरोबर विकले जात होते ते सेवेचे सुख.

येथे ‘आंट’ या शब्दापाशी थांबायला हवे. दक्षिणेत गोरी माणसे वयस्क कृष्णवर्णीय स्त्रीला ‘मिसेस’ म्हणत नसत, ‘आंट’ म्हणत. नात्याचा शब्द देऊन आदराचा शब्द नाकारण्याची ही रीत होती. धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणणाऱ्या आणि तिचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरांची आठवण असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये.

कारण पंक्तिभेद तिथेही होताच. जिच्या हातचे म्हणून पॅनकेक खपत, तिच्या समाजाला अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसून तेच खाता येत नव्हते. 1 फेब्रुवारी 1960 रोजी उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील खाण्याच्या काउंटरवर बसले आणि वाढायला नकार मिळाला तरी उठले नाहीत. 1961 साली चाड या नवस्वतंत्र देशाचे राजदूत अ‍ॅडम मलिक सो यांना मेरीलंडमधील महामार्गावरच्या एका डायनरमध्ये कॉफी नाकारण्यात आली आणि शीतयुद्धाच्या ऐन काळात केनेडी सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. 1964च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरवला.

पुड्यावरचा चेहरा मात्र 2020पर्यंत ठरला होता तिथेच होता. त्या वर्षी जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कंपनीने तो मागे घेण्याची घोषणा केली. 2021 साली नावही बदलले. काहींना त्यात आपले बालपण हिरावले गेल्यासारखे वाटले. ही हळहळ खोटी म्हणता येत नाही. रविवारच्या सकाळी आईने केलेले पॅनकेक खरेच होते. पण त्या आठवणीच्या मध्यभागी ज्या बाईचे चित्र होते, तिला स्वतःचे नाव नव्हते, हेही तितकेच खरे.

नॅन्सी ग्रीन 1923 साली शिकागोत मोटारीच्या धडकेने वारल्या. ओक वुड्स दफनभूमीतल्या त्यांच्या जागेवर दगडही नव्हता. शिकागोच्या स्थानिक इतिहासाचे जतन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो 2020 साली बसवला. आज कुणी घरी ही न्याहारी रांधत असेल, तर कृती बदलण्याचे काहीच कारण नाही. फक्त ‘आजीच्या हातची’ असे म्हणताना, त्या हातांपैकी काहींची नावे लिहायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, एवढे ध्यानात असावे.