मजल्यावर मजला चढवणारी रेल्वे

छोट्या रेल्वेच्या छंदाचा इतिहास म्हणजे जागेच्या टंचाईचा इतिहास. आपली अठरा डब्यांची एक्सप्रेस १:८७ या प्रमाणात, म्हणजे 'एचओ' मापात, बनवली तर इंजिन सोडूनही तिची लांबी साडेचार मीटरच्या वर जाते. एवढी सलग भिंत आपल्या फ्लॅटमध्ये सहसा नसते. शिवाय गाडी नुसती उभी करून भागत नाही, तिला धावायलाही जागा हवी. या अडचणीवर दोन तोडगे निघाले. आधी गाडी लहान झाली, मग रूळ वर चढले.

पहिला तोडगा जर्मनांचा. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत रुळांची ठरावीक, क्रमांक दिलेली मापं आणली. त्यामुळे रूळ, सांधे, डबे सवडीने विकत घेऊन जोडत जाता येऊ लागलं. खेळणं वाढतं झालं आणि घर अपुरं पडू लागलं. १ क्रमांकाच्या रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर होतं. त्याखाली ३२ मिलिमीटरचं शून्य माप आलं. १९३५ च्या सुमारास ट्रिक्स आणि मेर्कलिन यांनी १६.५ मिलिमीटरच्या विजेच्या गाड्या टेबलावर आणल्या. साठच्या दशकात आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटरचं 'एन' माप रूढ केलं, तर १९७२ मध्ये मेर्कलिनचं 'झेड' माप ६.५ मिलिमीटरवर पोचलं. लहान घरांच्या जपानमध्ये 'एन' मापच घरोघरी गेलं. तिथे काटो कंपनीने १९६५ मध्ये या मापाचं पहिलं इंजिन बाजारात आणलं होतं.

दुसरा तोडगा अमेरिकेतल्या तळघरांत पिकला. तिथे जागा भरपूर होती, पण हौस त्याहून मोठी. नुसती गोल गोल फिरणारी गाडी नको, एका गावाहून निघून दुसऱ्या गावी पोचणारी, वाटेत माल उतरवणारी खरीखुरी लाइन हवी, असं तिथल्या छंदिष्टांना वाटू लागलं. मेरिलँडचे जॉन आर्मस्ट्राँग हे या विचाराचे मोठे आराखडेकार. खऱ्या रेल्वेसारखी वाहतूक चालवता येईल असे रूळ कसे आखावेत, यावरचं त्यांचं पुस्तक १९६३ चं.

अशी लांब लाइन तळघरातही मावेना, म्हणून रुळांच्या फळ्या मजल्यांसारख्या एकावर एक चढू लागल्या. पण हे मजले चढले ते केवळ सुतारकामाच्या जोरावर नव्हे. पूर्वी चालवणारा एका पॅनेलसमोर बसायचा आणि अख्खा पसारा त्याला तिथून दिसावा लागायचा. मजल्यावर मजला बांधला असता तर खालचा झाकला गेला असता. वायरीने जोडलेला कंट्रोलर हातात आला आणि माणूस गाडीबरोबर चालू लागला. आता त्याला समोरची फूट-दीड फूट खोल फळी पुरे होती. मग तिच्यावर दुसरी का नको? आर्मस्ट्राँग यांनी तर वरचा मजला पाहणाऱ्यासाठी खोलीची जमीनच उंच करण्याची युक्ती मांडली. नव्वदच्या दशकात डिजिटल कंट्रोलची प्रमाणकं ठरली आणि एकाच रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणं सोपं झालं. २००८ मध्ये टोनी कोस्टर यांचं केवळ बहुमजली मांडणीवरचं पुस्तक निघालं.

राहिला प्रश्न गाडी वर न्यायची कशी. त्याचं उत्तर खऱ्या रेल्वेने आधीच दिलं होतं. १८८२ मध्ये पूर्ण झालेल्या स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर गाडी डोंगराच्या पोटात वळसा घेऊन स्वतःच्याच वाटेच्या वर निघते. छंदातलं 'हेलिक्स' हे त्याचंच घरगुती रूप: रुळांचा गोल जिना. त्याचा हिशेब मात्र कडक आहे. एचओ मापात ७५ सेंटिमीटर त्रिज्येचा एक वेढा सुमारे ४.७ मीटरचा होतो. पन्नासास एक चढ धरला तर एका वेढ्यात गाडी साधारण साडेनऊ सेंटिमीटर चढते. दोन मजल्यांत ४० सेंटिमीटर अंतर असेल तर चारहून जास्त वेढे आणि जवळजवळ २० मीटर रूळ लागतात. तेवढ्यात गाडी दोनेक मिनिटं दिसेनाशी होते. चढ वाढवून जागा वाचवावी तर इंजिनं घसरतात, कारण वळणावरचं घर्षण त्या चढात भर घालतं. बोरघाटात सदतिसास एक चढ आहे आणि कर्जतहून लोणावळ्याला जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

दहा बाय दहाच्या खोलीत दीड मीटर व्यासाचं हेलिक्स बसवलं तर एक कोपरा पुरता जातो. म्हणून छोट्या घरात दोन्ही तोडगे एकत्र करावेत. 'एन' माप घ्यावं आणि हेलिक्सऐवजी रूळ भिंतीच्या कडेने हळूहळू वर न्यावेत. पन्नासास एक चढाने दहा मीटरच्या एका फेरीत २० सेंटिमीटर उंची मिळते, म्हणजे दोन फेऱ्यांत वरचा मजला गाठता येतो. इंजिन विकत घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. चुकलेला चढ नंतर दुरुस्त करायचा तर सगळी फळी उखडावी लागते.