गुणधर्म-सारणी
भौगोलिक माहिती प्रणालीत नकाशावरील बिंदू, रेषा व बहुभुज यांचे वर्णन साठवणारा तक्ता. प्रत्येक ओळ एका घटकाची, प्रत्येक स्तंभ एका गुणधर्माचा. विहिरींच्या नकाशा-थरात खोली, मालकी, पाण्याची पातळी असे स्तंभ येतात. स्तंभाचा प्रकार आधीच ठरवावा लागतो आणि गफलती बहुधा इथेच होतात. २०११च्या जनगणनेतील जम्मू-काश्मीरचा संकेतांक ०१ संख्या म्हणून नोंदवल्यास नुसता १ उरतो, मग दुसऱ्या तक्त्याशी जोडणी फसते. म्हणून संकेतांक मजकूर म्हणूनच ठेवावेत. शेपफाइल या नकाशा-माहितीच्या स्वरूपात ही सारणी डीबीएफ फाइलीत असते. तिथे स्तंभाचे नाव दहा बाइटांपुरतेच असल्याने यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातील देवनागरी नाव तीन अक्षरचिन्हांतच आटोपते. जिओपॅकेज या दुसऱ्या स्वरूपात ही अडचण नाही.