हडको, गुंठेवारी आणि घराखालची जमीन

संभाजीनगरात रिक्षावाल्याला ‘हडको’ म्हटलं की तो टीव्ही सेंटरच्या दिशेला वळतो. शहरातल्या बहुतेक वसाहतींना कुणा देवाचं, संताचं नाहीतर पुढाऱ्याचं नाव असतं. हडको मात्र दिल्लीतलं सरकारी महामंडळ आहे. १९७० साली स्थापन झालेलं, घरबांधणीसाठी कर्ज देणारं. त्याच्या पैशातून सिडकोने इथे घरं बांधली आणि वसाहतीला सावकाराचंच नाव चिकटलं. मी याच वसाहतीत वाढलो. आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि या शहरात घर शोधतो आहे. शोधताना एक प्रश्न सारखा पडतो: माझ्या आजोबांना हेल्परच्या पगारात जे मिळालं, ते आज तेच काम करणाऱ्या माणसाला का मिळत नाही?

उत्तरासाठी १९७२ पर्यंत मागे जावं लागतं. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ होता. आजोबा पैठण तालुक्यातून आधी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि ते काम संपल्यावर शहरात आले. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखाने येत होते. १९७१च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. २०११ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. ही वाढ येणार हे निदान काही जणांना आधी दिसलं होतं. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोला राज्य सरकारने १९७२ साली औरंगाबादच्या पूर्वेला ‘नवं औरंगाबाद’ उभारायचं काम दिलं.

सिडकोची रीत साधी होती. मुकुंदवाडीसारख्या गावांच्या शेतजमिनी संपादित करायच्या, रस्ते आणि ड्रेनेज टाकायचं, एन-१, एन-२ असे भाग पाडायचे आणि उत्पन्न गटांप्रमाणे प्लॉट आणि घरं वाटायची. अत्यल्प उत्पन्न गटातलं घर म्हणजे काही महाल नव्हता. आमचं मूळ घर एक खोली, स्वयंपाकाची जागा, मागे मोरी-संडास आणि थोडी मोकळी जागा एवढंच होतं. पण ती मोकळी जागाच खरी देणगी ठरली. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा मागे खोली निघाली. एका वर्षी बोनस आणि भिशी एकदम हातात आली, तेव्हा जिना चढला. वडिलांच्या लग्नाआधी वरचा स्लॅब पडला. घर हप्त्यांनी घेतलं आणि हप्त्यांनीच वाढवलं. हडकोच्या कुठल्याही गल्लीत आज उभं राहिलं तर हेच दिसतं: एका साच्यातून निघालेल्या घरांना प्रत्येक कुटुंबाने आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेला वेगळा चेहरा.

जमीन आणि मूलभूत सोयी सरकारने द्याव्यात, भिंती लोक उभ्या करतील, हा विचार त्या काळात जगभर मूळ धरत होता. जागतिक बँकेने १९७२ साली सेनेगलमध्ये अशा प्रकल्पाला कर्ज दिलं. मद्रासमध्ये १९७७ला तसंच काम सुरू झालं. आजोबांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की दर महिन्याचा हप्ता पगारात बसतो आणि घरातून कुणी उठवणार नाही.

हे रामराज्य नव्हतं. ज्यांची शेतं गेली त्यांना मोबदल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जमीन भाडेपट्ट्यावर असल्याने घर नावावर करायचं तरी सिडकोच्या ऑफिसात खेटे घालावे लागत. तरीही गरिबाच्या पायाखाली कायदेशीर जमीन आली, ही गोष्ट लहान नाही.

मग ती येणं थांबलं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. कामगार हजारोंनी आले, पण त्यांच्या मापाची घरं त्या वेगाने आली नाहीत. देशाच्या १९९८च्या गृहनिर्माण धोरणाने तर सरकारची भूमिका घर बांधणाऱ्याची नसून सोय करून देणाऱ्याची असल्याचं उघडच म्हटलं. सोय झाली ती बँकेचं कर्ज मिळू शकणाऱ्यांची.

माझ्या मामाला ते मिळत नव्हतं. त्याने गारखेड्याच्या बाजूला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला, शंभर रुपयांच्या बॉण्ड पेपरवर. वीस बाय तीस म्हणजे सहाशे चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे त्याच्या वाट्याला धड गुंठाही आला नाही. शेतजमिनीचे एवढे तुकडे विकायला तेव्हा तुकडेबंदीचा कायदा आडवा यायचा, म्हणून खरेदीखत नाही. खरेदीखत नाही म्हणून बांधकाम परवाना नाही, कर्ज नाही. पाणी टँकरचं, रस्ता मुरुमाचा. पण घर उभं राहिलं. पुंडलिकनगर, जयभवानीनगर, सातारा-देवळाई असं करत अर्धं शहर याच वाटेने वाढलं.

सरकार मागून आलं. २००१च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामं शुल्क भरून नियमित करायची सोय केली. २०२१च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२०वर नेली. आजोबांना सोयी आधी मिळाल्या आणि घर नंतर वाढलं. मामाचा क्रम उलटा. त्याने दोन्ही वेळा पैसे मोजले, एकदा प्लॉटवाल्याला आणि एकदा नियमित होण्यासाठी.

२०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्या एका घटकात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत. कल्पना जवळपास हडकोचीच. अट मात्र जागेच्या कागदपत्रांची. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, तेच बॉण्ड पेपरवाले बाहेर राहिले. दुसऱ्या घटकातून पडेगाव, तीसगाव, हर्सूल अशा ठिकाणी सुमारे ४० हजार घरांची निविदा निघाली. २०२३ मध्ये त्यावर गुन्हा दाखल झाला आणि ईडीचे छापे पडले. आरोप असा, की परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी ॲड्रेसवरून भरल्या गेल्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते: चिठ्ठ्या वेगवेगळ्या, पण सगळ्या एकाच दारातून टाकलेल्या. दोषी कोण हे कोर्ट ठरवेल. अर्ज करून बसलेल्यांची वर्षं मात्र गेली.

सरकारकडे आता जमीन घ्यायची ताकद उरली नाही, असं कुणी म्हणेल. तसं नाही. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक शहरासाठी सुमारे दहा हजार एकर जमीन संपादित झाली. तिथे निवासी क्षेत्राचीही आखणी आहे. त्या आखणीत कंत्राटी हेल्परच्या पगारात बसणारे वीस बाय तीसचे प्लॉट किती आहेत, ते मोजावं. अनुदानाची रक्कम दोन लाख की अडीच लाख, यावर आपण फार बोलतो. १९७२ साली आधी जमीन घेतली गेली आणि तिच्यातला एक हिस्सा सर्वांत कमी पगाराच्या माणसासाठी राखला गेला. तो हिस्सा नकाशात आधी राखला नाही, तर तो माणूस राहायचा थांबत नाही. तो नकाशाबाहेर राहतो, आणि वीस वर्षांनी त्यालाच नियमित होण्याचं शुल्क भरावं लागतं.