१२ डिसेंबर : एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचा जन्म

हॉलिवूडचे अभिनेते एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचा जन्म १८९३ मध्ये आजच्या दिवशी बुखारेस्टला झाला. 'लिटल सीझर'ने त्यांच्यावर गुंडाचा शिक्का मारला. मनात घर करतो तो मात्र 'डबल इन्डेम्निटी'तला (१९४४) विम्याचे खोटे दावे हुडकणारा बार्टन कीज. स्वतःचाच ट्रक जाळून भरपाई मागणाऱ्याकडून तो दावा सोडल्याची सही घेतो, वर गडबडलेल्या त्या माणसाला दाराची मूठ कशी फिरवायची तेही शिकवतो! आणि माया किती? खुनी निघालेल्या जिवलग सहकाऱ्याची सिगारेट शेवटी तोच पेटवून देतो. अशा कसदार नटाला ऑस्करचं साधं नामांकनही मिळू नये, हा अन्यायच. मानद ऑस्कर जाहीर झालं. पण सोहळ्याआधीच, २६ जानेवारी १९७३ रोजी ते गेले.