सीमेवरचा वाणी आणि परक्या राज्याचे नाणे

दोन राज्यांच्या सीमेवर ज्याचे दुकान असते, त्याला एक प्रश्न रोज सोडवावा लागतो. पलीकडच्या गावचे गिऱ्हाईक पलीकडचेच नाणे घेऊन येते. ते घ्यावे, की गिऱ्हाइकास रिकाम्या हाताने परत पाठवावे? राजधानीत बसलेल्यांना याचे उत्तर सोपे वाटते. चलन हे राज्याच्या सार्वभौमत्वाचे चिन्ह. म्हणून आपल्या भूमीवर आपलेच नाणे चालावे, असे ते म्हणतात. आपल्या देशाचा कायदाही सर्वसाधारणपणे असाच आहे. परकीय चलनाची खरेदी-विक्री रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्यांनीच करावी, असा दंडक आहे. कायद्याशी आमचे भांडण नाही. परंतु सीमेवरच्या वाण्याने परके नाणे कधी नाकारले नाही, हेही इतिहासात तितकेच स्पष्ट दिसते. तेव्हा त्याने ते घ्यावे की नाही, यापेक्षा ते नाणे एके दिवशी बुडाले तर नुकसान कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या समाजातील कित्येक घरे दर्यापलीकडून आलेल्या पैशावर उभी राहिली, त्याने तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

प्रारंभ गोव्यापासूनच करू. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे घेतले आणि त्याच वर्षी तेथे पोर्तुगालच्या राजाच्या नावाने नाणी पाडविली. म्हणून बाजारात केवळ तीच नाणी चालू लागली असे मात्र झाले नाही. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्यास आला आणि सुमारे पाच वर्षे तेथील आर्चबिशपांच्या सेवेत राहिला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या नाण्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. इराणकडची वाकवलेल्या तारेसारखी लारी, स्पेनचे चांदीचे रेआल, व्हेनिसचे सोन्याचे दुकात, विजयनगरचे होन, अशी सारी नाणी तेथे एकत्र नांदत होती. खुद्द पोर्तुगीजांच्या ‘शेराफिम’ या नाण्याचे नाव तरी कोठून आले? ते आपल्या ओळखीच्या अशरफीचेच पोर्तुगीज रूप होय.

ही नाणी पारखण्यासाठी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सराफ बसत. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट इतका, की त्यांना दाखविल्याविना लोक सहसा पैसा स्वीकारीत नसत. सप्टेंबरच्या सुमारास पोर्तुगालची जहाजे येत तेव्हा हे सराफ रेआल विकत घेऊन ठेवीत आणि एप्रिलमध्ये चीनकडे निघणाऱ्या व्यापाऱ्यांना ते चढ्या भावाने विकीत, असे लिन्सखोटेन सांगतो. परक्या नाण्याची अडचण वाण्याची, तर नफा सराफाचा, ही वाटणी तेव्हापासूनची, किंबहुना त्याहूनही फार जुनी आहे. प्रभू येशूने ज्यांचे चौरंग उलथून टाकले ते सराफ येरुशलेमच्या मंदिरात हेच काम करीत होते. मंदिराचा कर सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यात भरावा लागे. त्या नाण्यावर सोरकरांच्या मेल्कार्त देवाचे मुख असे. तरीही चांदी शुद्ध म्हणून मूर्तिपूजेचा कमालीचा तिटकारा असलेल्या धर्माच्या मंदिरात ते चालत होते. नाण्याचा मुखवटा कोणाचाही असो, वजन आणि कस यांवर त्याचे मोल ठरत असे. चांदीचे नाणे घेणारा वाणी राजावर विश्वास ठेवीत नव्हता, तो चांदीवर ठेवीत होता. राजा बदलला तरी चांदी वितळवून तिचे मोल मिळत असे. गरिबांच्या हातातल्या बाझारुक या हलक्या धातूच्या नाण्याला मात्र हे भाग्य नव्हते. त्याची किंमत हुकमाने ठरलेली, आणि हुकूम वेशीपाशी संपत असे.

या दोन राज्यांच्या नाण्यांमध्ये नीट बांधलेला पूल एकदाच झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे एक तह झाला आणि १५ जानेवारी १८८० पासून तो अमलात आला. मुरगावचे बंदर आणि तेथून घाटमाथ्याकडे जाणारी आगगाडी यांचा उगम या तहात आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यातील चलनाच्या कलमाची आठवण सहसा कोणी काढीत नाही. गोव्याने आपली जुनी नाणी मोडीत काढावीत व ब्रिटिश हिंदुस्थानचे मान स्वीकारावे, असे ठरले. पोर्तुगीज ‘रुपिया’ ब्रिटिश टांकसाळीतच पाडला जाऊ लागला. वजन एक तोळा, कस इंग्रजी रुपयाचाच. एका बाजूस फक्त व्हिक्टोरिया राणीऐवजी लुईस राजाचा चेहरा. सोळा आण्यांच्या जागी सोळा टांगा. मुख्य गोष्ट ही, की हा रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानातही कायदेशीर चलन ठरला. सावंतवाडीच्या किंवा कारवारच्या बाजारात गोव्याचा शेतकरी लुईस राजाचा रुपया घेऊन गेला, तर तो नाकारण्याचे वाण्यास कारणच उरले नाही. वाण्याचा प्रश्न वाण्यावर न सोडता दोन्ही सरकारांनी तो आपल्या शिरावर घेतला. आमच्या मते सीमेवरच्या चलनाची इतकी प्रामाणिक व्यवस्था आपल्या किनाऱ्यावर पुन्हा झाली नाही.

मात्र त्याच तहाने गोव्याच्या मिठागरांची दुर्दशा केली, हेही सांगितले पाहिजे. मिठाचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत, मिठागरवाल्यांच्या पदरी त्यातले फारसे काही पडले नाही. घाटावर बैलांच्या तांड्यांनी जाणारे गोव्याचे मीठ रोडावले आणि कित्येक कुटुंबे मुंबईची व आफ्रिकेची वाट चालू लागली. बारा वर्षांची मुदत संपताच, १८९२ च्या जानेवारीत, तह संपला. रुपियाची बरोबरी मात्र तहानंतरही टिकून राहिली. मुंबईच्या ‘कुडां’मध्ये राहणारा गोवेकर खलाशी घरी पैसे पाठवी ते इंग्रजी रुपयांतच, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांचे कोणाला वावडे नव्हते.

पुढे कागद आला. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या रुपियाच्या नोटा विसाव्या शतकाच्या आरंभापासून गोव्यात चालू लागल्या. चांदीचा रुपया वितळविता येतो. नोट वितळविता येत नाही. नोट म्हणजे सरकारने दिलेला शब्द, आणि शब्द देणारा शब्द फिरवूही शकतो. १९५४-५५ मध्ये सत्याग्रह झाले, भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सीमा मिटली. १९५९ मध्ये पोर्तुगीजांनी रुपियाच काढून टाकला आणि एका रुपियास सहा एस्कुडो या दराने नवे चलन आणले. ऐंशी वर्षांची सोळा आण्यांची बरोबरी हिशेबातून गेली. तीन वर्षेही झाली नाहीत तोच, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि एस्कुडोचीही सद्दी संपली. याच काळातील दुसरी हकिकत अधिक बोलकी आहे. बँकेत गहाण असलेले गोवेकरांचे सोने मुक्तीपूर्वीच लिस्बनला हलविण्यात आले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत गहाण ठेवणारे कितीतरी हात मातीआड झाले असतील.

१९५९ सालीच आपल्या सरकारलाही समुद्रापलीकडच्या सीमेवर असा प्रश्न पडला. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत येथील बाजारांत भारतीय रुपया हेच रोजचे चलन होते. तेथून सोने चोरून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरे, त्याच्या किमतीच्या नोटा आखातात जात आणि तेथील बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येऊन तिच्याकडून पौंड वसूल करीत. म्हणजे आपल्याच नोटेने आपलीच गंगाजळी आटत होती. यावर उपाय म्हणून आखातासाठी निराळ्या रंगाच्या खास नोटा छापल्या गेल्या. त्याही फार टिकल्या नाहीत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपापला दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला पावणेपाच रुपये होते, ते साडेसात झाले, आणि उरलेल्या आखाती संस्थानांपैकी बहुतेकांनी रुपयास रामराम ठोकला. ज्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्या रात्री रुपये होते त्याची एकतृतीयांशाहून अधिक मिळकत झोपेतच गेली. त्याने कोणता गुन्हा केला होता? शेजारच्या मोठ्या देशाच्या शब्दावर विसंबला, एवढाच.

म्हणून आम्हांला असे वाटते, की सीमेवरच्या माणसाने शेजाऱ्याचे नाणे घेण्यात काही वावगे नाही. ते नाकारणे म्हणजे शेजाऱ्यालाच नाकारणे. परंतु नोट साठवून ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. जी नोट आठवड्याच्या आत कोठे मोडता येईल हे ठाऊक नाही, ती गल्ल्यात ठेवणारा वाणी व्यापार करीत नाही, तो परक्या सरकारला बिनव्याजी कर्ज देतो. श्रीमंत व्यापारी वेळेवर बातमी काढतो, सराफ बट्टा कापून मोकळा होतो. शेवटी नोट उरते ती खेड्यातल्या म्हातारीच्या गाडग्यात.

याचा पडताळा अलीकडे नेपाळच्या सीमेवर आला. बिहारमधील रक्सौल आणि पलीकडचे वीरगंज ही जवळजवळ एकच बाजारपेठ म्हणावी. १९५० च्या मैत्री करारापासून तेथे दोन्ही देशांच्या नागरिकांना पारपत्र लागत नाही. भारतीय रुपयास तिकडे ‘आयसी’ व नेपाळी रुपयास ‘एनसी’ म्हणतात आणि भाव सांगताना कोणता रुपया हे आधी ठरवून घेतात. १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी, हा दर प्रथम १९६० मध्ये बांधला गेला. पुढे तो अनेकदा बदलला, १९६६ च्या अवमूल्यनाच्या वेळी तर तो जवळजवळ बरोबरीवर आला होता, आणि १९९३ पासून पुन्हा १६० वर स्थिर झाला. वाण्याला तोंडपाठ असा हा पूल आहे.

२०१५ मध्ये भारताने आपल्या ५०० व १००० च्या नोटा नेपाळ व भूतानमध्ये २५,००० रुपयांपर्यंत नेण्यास मुभा दिली. पंजाबात किंवा मुंबईत राबून परतणाऱ्या नेपाळी मजुराची मोठीच सोय झाली. लहान नोटांची पुडकी कमरेला बांधून नेण्याची गरज उरली नाही. सव्वा-दीड वर्षात, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, त्याच नोटा रद्द झाल्या. भारतात असणाऱ्यास त्या बँकेत भरण्यासाठी वर्षअखेरपर्यंत वेळ मिळाला. नेपाळच्या डोंगरातल्या घरात ज्याची मजुरी आपल्या नोटांत जपून ठेवलेली होती, त्याच्यासाठी अशी सोय ठरली नाही. नेपाळ राष्ट्र बँकेने या नोटा बदलून मागितल्या. बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. काळा पैसा खणून काढणे हा हेतू असेल, त्यावर येथे वाद घालीत नाही. परंतु आपणच परवानगी देऊन ज्या हातांत नोटा पोहोचविल्या, त्या हातांचा विचार आदल्या रात्री कोणी केला होता, असे दिसत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांवरील भारतीय नोटा वापरण्यास व बाळगण्यास बंदी केली. २००, ५०० आणि २००० च्या नव्या नोटा वीरगंजच्या वाण्याला नियमाने वर्ज्य झाल्या. शंभराची नोट तो घेत राहिला. १६० नेपाळी रुपये हिशेबात धरून, आणि शक्य तर त्याच संध्याकाळी रक्सौलच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे तिने फेडून टाकून.