मोडकी सुई, शरीरात राहिलेली

अमली पदार्थ टोचून घेताना मोडून त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत अडकलेला सुईचा तुकडा. लाज आणि पोलिसांची भीती यांमुळे तो अनेकदा वर्षानुवर्षे लपवला जातो. खरा धोका या लपवण्यानेच वाढतो.

कारणे : सुई बहुधा प्लॅस्टिकच्या बुडाशी, जोडावर मोडते. एकच सुई पुनःपुन्हा वापरली, वाकल्यावर हाताने सरळ केली, की धातू कमकुवत होतो. जुन्या व्रणांनी कातडी निबर झाली, की जोर लावावा लागतो. पेंटाझोसिन (फोर्टविन) या वेदनाशामकाच्या दीर्घ गैरवापराने तर दंड-मांडीचे स्नायू लाकडासारखे कडक होतात. हाताच्या शिरा बंद पडल्यावर माणूस जांघेतल्या आणि मानेतल्या मोठ्या शिरांकडे वळतो.

धोके : तुकड्याभोवती गळू होते, शिरेत गुठळी धरते, धमनीला फुगा येतो. मोठ्या शिरेतला तुकडा रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसात जाऊ शकतो, कधी काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. हृदयाला भोक पडणे, झडपांचा जंतुसंसर्ग, फुप्फुसातील गळू ही त्याची जीवघेणी रूपे. गळू कापणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या बोटात तुकड्याचे टोक घुसले, तर एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांची लागण होऊ शकते.

निदान व उपचार : साध्या क्ष-किरण चित्रात तुकडा बारीक पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. चित्र दोन कोनांतून घेतात. छातीत दुखणे, धाप, ताप असल्यास छातीचेही चित्र काढावे. घरी ब्लेडने किंवा काट्याने कोरू नये, जागा चोळू नये, तो अवयव हलवू नये. शल्यविशारद क्ष-किरण पडद्यावर पाहत तुकडा काढतात. खोल रुतलेला, त्रास न देणारा तुकडा कधी देखरेखीखाली ठेवतात. धनुर्वाताची लस आवश्यक. एमआरआयपूर्वी तुकड्याची माहिती सांगितलीच पाहिजे.

महाराष्ट्रातील स्थिती : केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक अमली पदार्थ टोचून घेतात. जास्त संख्येच्या राज्यांत महाराष्ट्र आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात निर्जंतुक सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे दिली जातात. नवी सुई मिळाली, की जुनी वाकडी सुई पुन्हा वापरावी लागत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरीसारख्या जंगलपट्ट्यातील रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २०१५) जवळचे. हृदय-फुप्फुसाच्या गुंतागुंतीसाठी नागपूर गाठावे लागते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६ आहे.

डॉक्टरांनी तपासताना शांतपणे विचारावे, ‘आत सुई मोडली होती का?’ रुग्णाने निःसंकोच ‘हो’ म्हणावे. त्या एका शब्दाने रुग्णाचा जीव आणि डॉक्टरांचा हात, दोन्ही वाचतात.